एक मिलिमीटरचा हिरवा 'ळ': पेरोव्हस्काइटच्या इवल्याशा एलईडी बनवायची सगळी पद्धत

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोराने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, माझ्या मोबाईलचे पिक्सेल मला आत्ताच दिसत नाहीत, मग ते अजून बारीक करून करायचंय काय?" मी तेव्हा काट्यावर लेड ब्रोमाइड तोलत होते म्हणून "नंतर सांगते" म्हणून कटवलं, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. पुस्तक धरतो तेवढ्या म्हणजे २५ सेंटिमीटर अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही ७०-७५ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं काही वेगवेगळं दिसत नाही, आणि बऱ्यापैकी फोनमध्ये एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ५५ मायक्रॉनच्या आसपास असतं, म्हणजे हातात धरायच्या स्क्रीनपुरता हा खेळ संपलेला आहे. पण तीच स्क्रीन नखाएवढी करून चष्म्यात बसवायची आणि पुढे भिंग लावून डोळ्यासमोर भिंतीएवढी दाखवायची म्हटलं, तर भिंग चित्रासोबत पिक्सेलही मोठे करतं आणि मग सगळा चौकटींचा बाजार दिसायला लागतो. तिथे ५-१० मायक्रॉनचे पिक्सेल लागतात, जमलं तर त्याहून बारीक.

हिशोब सोपा आहे. एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन, त्याला पिक्सेलच्या पिचने, म्हणजे एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंतच्या अंतराने, भागलं की पीपीआय मिळतो, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. १० मायक्रॉन पिच म्हणजे २५४० पीपीआय. आपण या लेखात एवढंच करणार आहोत, आणि तेही पूर्ण डिस्प्ले नाही तर एक मिलिमीटर उंचीचं एक अक्षर, पेरोव्हस्काइट नावाच्या उजळणाऱ्या मालाचं, हिरव्या रंगात. ड्रायव्हर नाही, ट्रान्झिस्टर नाही, दोन वायरी लावल्या की अक्षर पेटलं पाहिजे. हे जमलं की पुढचं बॅकप्लेन (पिक्सेल चालवणारं मागचं सर्किट) वगैरे करायला तुमच्याकडे निदान पाया असतो.

आधी स्पष्ट सांगते, हे घरी करायचं काम नाही. शिसं आहे, क्लोरोफॉर्मसारखी सॉल्व्हंट आहेत, आणि ज्या डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये आपण शिशाचं मीठ विरघळवतो तो डीएमएसओ कातडीतून आरामात आत जातो आणि विरघळलेल्या गोष्टीही सोबत नेऊ शकतो. ग्लोव्हजवर थेंब पडला तर "पुसतो नंतर" नाही, ग्लोव्ह लगेच बदलायचा. तुमच्या कॉलेजात ग्लोव्हबॉक्स (हवा आणि ओल नसलेली बंद पेटी) आणि इव्हॅपोरेटर (निर्वातात बाष्पाने थर चढवणारं यंत्र) असेल आणि फक्त लिथोग्राफी (उजेडाने बारीक नक्षी छापणं) अडत असेल तर पवईला आयआयटीची नॅनोफॅब्रिकेशन फॅसिलिटी आहे, बाहेरच्या कॉलेजातल्या लोकांना तिथे काम करू देणारी आयएनयूपी म्हणून सरकारी योजना आहे, गाईडच्या सहीने प्रपोजल टाकायचं आणि वाट बघायची.

बारीक करताना अडतं कुठे

बाजारातल्या निळ्या-हिरव्या मायक्रो-एलईडी गॅलियम नायट्राइडच्या असतात. आख्खा वेफर वाढवायचा आणि मग प्लाझ्माने कोरून त्याचे तुकडे पाडायचे. कोरताना कडा जखमी होतात, आणि जखमी कडेवर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटले की प्रकाशाऐवजी नुसती उष्णता मिळते. मोठ्या पिक्सेलला फरक पडत नाही कारण त्याच्या मानाने कड थोडीच असते. पण चौरसाची परिमिती भागिले क्षेत्रफळ म्हणजे ४ भागिले बाजू, म्हणजे १०० मायक्रॉनच्या पिक्सेलला जेवढी कड वाट्याला येते त्याच्या २५ पट ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला येते. अर्ध्या भाकरीला आणि चतकोराला कड किती येते बघा, तेच गणित. म्हणून १० मायक्रॉनच्या खाली गेलं की त्यांची एफिशियन्सी (आत गेलेल्या इलेक्ट्रॉनमागे किती टक्के प्रकाशकण बाहेर आले) पडायला लागते.

पेरोव्हस्काइट हा तसा जुना शब्द आहे, १८३९ मध्ये उरल पर्वतातल्या एका खनिजाला रशियन अधिकारी पेरोव्हस्कीचं नाव दिलं गेलं. आपलं हॅलाइड पेरोव्हस्काइट त्याच सांगाड्याचं पण वेगळ्या मालाचं: सीझियम, शिसं आणि ब्रोमीन. रूम टेंपरेचरला नीट उजळणारी पेरोव्हस्काइट एलईडी केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये दाखवली, तेव्हा हिरव्याची एफिशियन्सी जेमतेम ०.१ टक्का होती, आणि २०१८ पर्यंत तीच २० टक्क्यांच्या वर गेली. चार वर्षांत! मग २०२५ मध्ये चीनच्या झेजियांग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पिक्सेल ६५० मायक्रॉनपासून ३.५ मायक्रॉनपर्यंत लहान करत नेले तरी एफिशियन्सी सरासरी २० टक्क्यांच्या आसपास टिकली, आणि शेवटी ९० नॅनोमीटरपर्यंत खाली जाऊन १,२७,००० पीपीआय गाठला. आपल्या सूत्रात घालून बघा, पिच येतो २०० नॅनोमीटर.

हे जमलं कसं ते समजलं तर बाकीच्या सगळ्या स्टेप आपोआप समजतात, म्हणून इथे जरा थांबा. पेरोव्हस्काइट हे मिठासारखं आहे. पाणी लागलं की गेलं, अॅसिटोनसारखं पोलर सॉल्व्हंट लागलं की बिघडलं, आणि लिथोग्राफीत नक्षी धुवून उघडी करणारे बरेचसे डेव्हलपर तर पाण्यातच असतात. म्हणजे नेहमीसारखं फिल्मवर रेझिस्ट (उजेडाने बदलणारा लेप) टाकून कोरायला गेलात तर पिक्सेल उरतच नाही, उरतो पिवळा डाग. त्यामुळे पेरोव्हस्काइट कापायचंच नाही! आधी काचेवरच्या इलेक्ट्रोडवर इन्सुलेटरचा पातळ थर द्यायचा, त्यात लिथोग्राफीने बारीक खिडक्या पाडायच्या, सगळी ओली कामं तिथेच संपवायची, आणि मग पेरोव्हस्काइट वरून अखंड पसरायचं. फिल्म सगळीकडे आहे पण करंटला वाट फक्त खिडकीतून, त्यामुळे प्रकाशही फक्त तिथेच. पिक्सेलची कड इन्सुलेटरमध्ये पडते, क्रिस्टलमध्ये नाही, म्हणजे जखम होतच नाही.

मास्क, आणि माझे दोन महिने

मास्क म्हणजे उजेड कुठे पडू द्यायचा ते ठरवणारी नक्षीची काच. त्याचं डिझाईन केलेआउट या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे. १ मिलिमीटरच्या चौकटीत १० मायक्रॉन पिचने १०० बाय १०० ची जाळी येते, अक्षर जिथे आहे तिथेच ५ बाय ५ मायक्रॉनचा चौकोन ठेवायचा, बाकी मोकळं. माझ्या अक्षरात अडीच हजाराच्या आसपास चौकोन आले. शेजारी थोड्या अंतरावर २०, ५० आणि १०० मायक्रॉनचे एकेकटे चौकोनही काढून ठेवा, पुढे टेस्टिंगला काहीच समजेनासं झालं की तेच कामाला येतात.

आता घोटाळा ऐका. एसयू-८ हा निगेटिव्ह रेझिस्ट आहे, जिथे उजेड पडतो तिथे तो पक्का होऊन राहतो. आपल्याला खिडकीत रेझिस्ट नको, म्हणजे मास्कवर खिडकीच्या जागी काळं म्हणजे क्रोम पाहिजे आणि बाकी सगळी काच मोकळी. मी पॉझिटिव्ह रेझिस्टच्या (उजेड पडतो तिथे धुऊन जाणाऱ्या) सवयीने उलटा मागवला. मास्क आला, मी आनंदाने एक्स्पोज केलं, डेव्हलप केलं, मायक्रोस्कोपखाली बघते तर खिडक्यांच्या जागी अडीच हजार छोटे खांब उभे आणि बाकी सगळीकडे उघडा आयटीओ (काचेवरचा पारदर्शक, करंट वाहणारा थर). पैसे गेले ते गेलेच, नवा मास्क येईपर्यंत सहा आठवडे गेले. आणि नवा आला त्यात अक्षर उलटं दिसलं! तेव्हा माझं अक्षर 'क' होतं. झालं असं की या एलईडीचा प्रकाश खालच्या काचेतून बाहेर येतो, म्हणजे आपण डिझाईन वरून काढतो आणि बघतो खालून, एक पलटी तिथे, आणि मास्क वापरताना क्रोमची बाजू खाली सॅम्पलकडे तोंड करून लावतात, दुसरी पलटी तिथे. दोन पलट्या मिळून सरळ व्हायला पाहिजे होतं, पण मास्कवाले ऑर्डर घेताना "क्रोमच्या बाजूने वाचायचं की काचेच्या" असं विचारतात आणि मी त्याचं उत्तर न समजता दिलं होतं. शेवटी तिसऱ्या वेळी मी 'ळ' निवडला, दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी सारखाच दिसतो, लाज राखतो. तुम्ही मात्र ट्रेसिंग पेपरवर अक्षर काढून, पलटून, हाताने एकदा सगळा प्रवास करून बघा आणि मगच ऑर्डर द्या.

लेझरने थेट नक्षी काढणारा लेझर रायटर उपलब्ध असेल तर मास्कच नको, थेट फाईल द्या. कॉन्टॅक्ट अलाइनरवर (मास्क काचेला टेकवून उजेड देणारं यंत्र) ३६५ नॅनोमीटरच्या उजेडाने १-२ मायक्रॉनपर्यंत जाता येतं, त्याखाली ई-बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत लागतो. पहिल्याच प्रयत्नात तिकडे जाऊ नका.

काच आणि खिडक्या

आयटीओ लावलेली काच घ्या, १० ते १५ ओहम प्रति चौरसवाली. आयटीओची पट्टी पाडायची तर ठेवायच्या भागावर टेप लावून बाकीवर झिंक पावडर भुरभुरवायची आणि पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकायचं, फसफसून आयटीओ निघतो. हायड्रोजन निघतो त्यामुळे फ्यूम हूडमध्येच. मग साबणाचं पाणी, डीआय (आयन काढलेलं) पाणी, अॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), प्रत्येकात अल्ट्रासोनिकमध्ये १५-१५ मिनिटं. नायट्रोजनने वाळवा. अॅसिटोन काचेवरच वाळू देऊ नका, डाग राहतो आणि तो डाग पुढे तुम्हाला महिनाभर छळतो.

पावसाळ्यात एक स्टेप जास्त. जुलैत आपल्याकडे हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, एसी आणि डिह्युमिडिफायर दोन्ही चालू असले तरी काचेवर पाण्याचा अदृश्य थर बसतोच, आणि रेझिस्ट डेव्हलपरमध्ये सालासारखा सुटून येतो. म्हणून कोटिंगच्या आधी १५० ते २०० अंशांवर १० मिनिटं हॉटप्लेट, खाली उतरवली की लगेच कोटिंग. चहाला जायचं असेल तर बेक करायच्या आधी जा.

एसयू-८ चा सगळ्यात पातळ तयार ग्रेडसुद्धा अर्धा मायक्रॉन येतो, आणि आपल्याला एवढा जाड नको. का ते बघा: वर येणारे आपले थर सगळे मिळून सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास आहेत, त्यांना ५०० नॅनोमीटरची पायरी चढायला लावली तर कोपऱ्यात फिल्म फाटते, अॅल्युमिनियम तुटतं नाहीतर थेट खाली शॉर्ट होतं. दुसऱ्या बाजूला फार पातळ केला तर धुळीच्या एका कणाने भोक पडतं. मी सायक्लोपेंटानोन या सॉल्व्हंटने पातळ करून १०० ते १५० नॅनोमीटरवर आणते, प्रमाण तुमच्या बाटलीप्रमाणे बदलेल, तीन-चार पातळ्या करून प्रोफायलोमीटरवर (पायरीची उंची मोजणारं यंत्र) जाडी मोजा. एएलडीची (एकेक अणूचा थर चढवण्याची) सोय असेल तर अॅल्युमिना जास्त घट्ट बसतो, पण मग तो कोरायची वेगळी कटकट.

पिवळ्या दिव्याच्या खोलीत: ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून रेझिस्ट, काच स्पिनरवर ३००० आरपीएमने फिरवायची, ९५ अंशांवर मिनिटभर सॉफ्टबेक, एक्स्पोजर, परत ९५ वर मिनिटभर. काचेवर सिलिकॉनपेक्षा साधारण दीडपट डोस लागतो. डोसची एक शिडी करा, एकाच काचेच्या पट्ट्यांवर वाढता वेळ. डोस जास्त झाला की खिडकी आक्रसते, कारण उजेड काळ्याच्या कडेखाली घुसतो, कमी झाला की इन्सुलेटर सुटतो. डेव्हलपर म्हणून पीजीएमईए हे सॉल्व्हंट, मिनिटभर, मग आयपीए. आयपीए टाकताच पांढुरका ओघळ दिसला तर डेव्हलप पूर्ण झालेलं नाही, परत डेव्हलपरमध्ये जा. शेवटी १५० ते २०० अंशांवर अर्धा तास हार्डबेक, हा टाळू नका कारण पुढे याच्यावर डीएमएसओ पडणार आहे.

खिडकीच्या तळाशी काही नॅनोमीटर रेझिस्टची साय राहिलेली असते, मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसते तरी असते. ऑक्सिजन प्लाझ्मा ३० सेकंद, हलक्या पॉवरवर. याचा दुसरा फायदा असा की एसयू-८ ला पाणी नको असतं आणि आयटीओला हवं असतं, प्लाझ्मानंतर दोघांनाही चालतं, नाहीतर पुढचं लिक्विड खिडक्यांत गोळा होतं आणि बाहेर कोरडं राहतं.

इथे खिडकीचा खरा साईझ मोजून वहीत लिहा. मास्कवर ५ आहे म्हणून ५ धरू नका. ५ च्या जागी ५.३ निघाली तर क्षेत्रफळ १२ टक्के वाढलं, आणि तुमची ब्राइटनेस १२ टक्के फुगवलेली निघेल. मला तर असे पेपर रिव्ह्यू करताना पहिली शंका हीच येते.

शाई आणि थर

होल ट्रान्सपोर्टसाठी, म्हणजे होल आत पोचवायला, पेडॉट-पीएसएस हा करंट वाहणारा पॉलिमर, पण एआय ४०८३ ग्रेड. पीएच १००० म्हणून जास्त करंट वाहणारा ग्रेड असतो, तो कुणाच्या तरी फ्रिजमध्ये सापडतो आणि "पेडॉटच आहे ना" म्हणून वापरला जातो, मग करंट खिडकीतून वर आला की इन्सुलेटरवरून आडवा पसरतो आणि ५ मायक्रॉनच्या खिडकीचा फुगा होतो. फिल्टर करून ४००० आरपीएम, १५० अंशांवर १५ मिनिटं, आणि गरम असतानाच ग्लोव्हबॉक्समध्ये.

आता पेरोव्हस्काइटची शाई. २ मिलीलिटर डीएमएसओसाठी: लेड ब्रोमाइड ११० मिलिग्रॅम, सीझियम ब्रोमाइड ७० मिलिग्रॅम, फेनेथिल अमोनियम ब्रोमाइड २४ मिलिग्रॅम, आणि १८-क्राउन-६ साधारण ८ मिलिग्रॅम. मोलमध्ये बघितलं तर शिसं १, सीझियम १.१, फेनेथिल ०.४, शिशाची तीव्रता ०.१५ मोलर. सीझियम मुद्दाम जास्त आहे, कारण लेड ब्रोमाइड सुटं राहिलं की शिशाचे दोष राहतात आणि ते प्रकाश खातात. फेनेथिल अमोनियमचा मोठा रेणू क्रिस्टलला फार वाढू देत नाही, बारीक दाणे पडतात आणि चार्ज त्या दाण्यांत अडकून प्रकाश देतो. आणि सीझियमला डीएमएसओत विरघळायचा कंटाळा असतो, क्राउन इथर त्याला कवेत घेऊन विरघळवतं आणि फिल्म गुळगुळीत बसवतं. ६० अंशांवर रात्रभर ढवळा, सकाळी पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, मग ०.२२ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर.

ग्लोव्हबॉक्समध्ये ३००० आरपीएम, ६० सेकंद, मग ७० ते ८० अंशांवर ५ ते १० मिनिटं. बरेच जण फिरतानाच अँटीसॉल्व्हंटचा (क्रिस्टल पटकन पडावेत म्हणून टाकायचं, पेरोव्हस्काइट न विरघळवणारं द्रव) थेंब टाकतात, मोठ्या पिक्सेलवर मीही टाकायचे. खिडक्यांवर मात्र तो थेंब जिथे आपटतो तिथे गोल चट्टा येतो आणि नेमका तो अक्षरावर येतो, म्हणून क्राउन इथरवाली ही बिनथेंबाची पद्धत.

झाल्यावर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. आख्खी काच हिरवीगार पेटते. इथे नवीन पोरगा घाबरला होता, "ताई खिडक्या कुठायत, सगळीकडेच उजेड आहे." असणारच, फिल्म अखंड आहे आणि टॉर्चला खिडकीची गरज नाही, गरज करंटला आहे. तुम्हाला बघायचंय ते एवढंच की हिरवा रंग एकसारखा आहे का, धूमकेतूसारख्या शेपट्या आहेत का, खिडकीच्या कडेला काळी रेघ आहे का. शेपट्या म्हणजे धूळ. काळी रेघ म्हणजे पायरी उंच झाली.

मग इव्हॅपोरेटर: टीपीबीआय (इलेक्ट्रॉन आत पोचवणारं ऑरगॅनिक) ४० नॅनोमीटर, लिथियम फ्लोराइड १ नॅनोमीटर, अॅल्युमिनियम १०० नॅनोमीटर, शॅडो मास्क म्हणजे भोकं पाडलेल्या पत्र्यामधून. फ्लोराइड एकदम हळू, सेकंदाला ०.१ अँगस्ट्रॉमने (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). अॅल्युमिनियमही सुरुवातीला सावकाश, गरम बाष्पाचा लोंढा आला तर खालचं ऑरगॅनिक भाजतं. यूपीएस तपासून मगच पंप चालू करा, आमच्या पंपावरच्या काकांचा हा नियम आहे आणि ते तो रोज ऐकवतात.

दिवा लावायच्या आधी एक हिशोब

अॅल्युमिनियम आणि आयटीओ एकमेकांवर येतात तो भाग २ बाय २ मिलिमीटर, म्हणजे ४० लाख चौरस मायक्रॉन. त्यात तुमच्या अडीच हजार खिडक्या मिळून ६२,५०० चौरस मायक्रॉन. म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास भाग पेटणार आणि उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांनी गप्प बसायचंय. इन्सुलेटरमधलं एक भोक, कुणाच्या तरी केसातला एक कण, आणि सगळा करंट तिकडे. मला पहिल्यांदा असंच झालं, सगळे लाईट बंद करून कॅमेऱ्यात बघते तर 'ळ' अंधुक आणि बाजूला एक ठिपका शुक्रासारखा चमकतोय.

सोर्समीटरवर (व्होल्टेज देत करंट मोजणारं यंत्र) ० ते ५ व्होल्ट, ०.१ च्या पायरीने, आणि करंटची मर्यादा आधीच १०० मायक्रोअँपवर बांधून ठेवा. चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँप म्हटलं तर आपल्या अक्षराला फक्त ६ मायक्रोअँप लागतात, मर्यादा नाही घातली तर अक्षर पेटायच्या आधी उडतं. १ व्होल्टलाच मायक्रोअँप दिसायला लागले तर गळती आहे, पुढे जाऊ नका. हिरव्या फोटॉनची ऊर्जा २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, त्यामुळे अडीच ते तीन व्होल्टच्या मध्ये कुठेतरी पहिला उजेड येतो. एकट्या २० मायक्रॉनच्या चौकोनाला याच करंट डेन्सिटीला फक्त ४० नॅनोअँप लागतात, तिथे साध्या वायरी चालत नाहीत, शिल्डेड केबल घ्या आणि हात लांब ठेवा, हात हलवला तरी रीडिंग हलतं.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं त्यावरून दोष ओळखता येतो. चौकोनाच्या कडा जास्त उजळ आणि मध्य मंद असेल तर कोपऱ्यात थर पातळ झालेत. कडा काळ्या आणि मध्य उजळ असेल तर साय राहिलीये किंवा पेडॉट कोपऱ्यात साचलंय. चौकोनाभोवती प्रभावळ दिसली तर दोन वेगवेगळ्या करंटला फोटो काढा आणि दोन्ही एकाच उजेडावर आणून तुलना करा: आकार तोच राहिला तर काचेत पसरलेला प्रकाश आहे, करंटबरोबर प्रभावळ रुंद होत गेली तर करंट आडवा पळतोय. काही खिडक्या पेटल्याच नाहीत तर त्यांचे नंबर लिहा आणि यूव्हीच्या फोटोशी जुळवा, बहुतेक वेळा तिथे आधीच शेपटी असते.

स्पेक्ट्रम ५१५-५२० नॅनोमीटरच्या जवळ, रुंदी २० नॅनोमीटरच्या आसपास यायला पाहिजे. डिस्प्लेच्या बीटी २०२० मानकात हिरवा ५३२ ला आहे, तिकडे सरकायचं तर सीझियमच्या जागी थोडं फॉर्मामिडिनियम घालतात. निळ्या-लालाची घाई नको. निळ्यासाठी क्लोरीन मिसळावं लागतं आणि व्होल्टेज दिलं की ब्रोमीन-क्लोरीन वेगवेगळे व्हायला लागतात, निळा बघता बघता हिरवट होतो. लालचं आयोडाइड खोलीच्या तापमानाला पिवळ्या, न उजळणाऱ्या रूपात बदलायला टपलेलंच असतं.

बंद करणं, आणि कचरा

ग्लोव्हबॉक्समधून बाहेर काढायच्या आधीच वर काचेचं झाकण आणि कडेने यूव्ही एपॉक्सी. एपॉक्सी पेटलेल्या भागाला लागू देऊ नका आणि क्युअर करताना मधला भाग फॉइलने झाका. शिशाचा सगळा ओला कचरा वेगळ्या बाटलीत, लेबल लावून, टिशू आणि ग्लोव्हज वेगळ्या पिशवीत. बेसिनमध्ये थेंबसुद्धा नाही.

टिकतं किती हा प्रश्न सगळे विचारतात. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने २०२२ मध्ये १०० निट्सच्या (उजळपणाचं माप) उजेडावर ३०,००० तासांहून जास्त अर्धायुष्य काढून दाखवलं, पण तो साईझ, तो माल आणि ते हात वेगळे. आपल्या रेसिपीत आयन व्होल्टेजमुळे हळूहळू सरकतात, पॅकिंग कितीही चांगलं केलं तरी. माझी चिप ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या डबीत आहे, दर सोमवारी सकाळी तीन व्होल्टला दोन मिनिटं लावते आणि एक फोटो काढते. आत्तापर्यंत 'ळ' च्या उजव्या गोलातल्या अकरा खिडक्या गेल्यात, सगळ्या एपॉक्सीच्या एकाच कोपऱ्याच्या बाजूच्या, त्यामुळे पुढच्या वेळी तो कोपरा जास्त रुंद भरायचा असं डबीवर स्केचपेनने लिहून ठेवलंय.